आठ पॉइंट आणि अर्धं तिकीट

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत रेल्वेची तिकिटं, पीपीएफची पासबुकं आणि वीजबिलांचे घोळ माझ्या दारात येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला ही खाती न मागता मिळतात. डिसेंबर २०२५ मधल्या एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून घेऊन आले. मागे काकू. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा. तो ऐरोलीला राहतो, आयटीत आहे. हातात मोबाईल, चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव.

मुलाचं म्हणणं थोडक्यात असं. आईबाबा वर्षातून चारदा गुहागरला जातात. शिमगा, मे महिना, गणपती आणि दिवाळीनंतर एकदा घर उघडून बघायला. म्हणजे जाऊन-येऊन आठ फेऱ्या. जानेवारीत त्यानं रेल्वेच्या नावाचं एक क्रेडिट कार्ड घेतलं. तिकिटावर दहा टक्के पॉइंट परत, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. ठाणे ते गुहागर दोघांचे फेरीला तेराशे धरले तर आठ फेऱ्यांचे दहा हजार चारशे, म्हणजे हजारावर पॉइंट यायला हवेत. जमा झाले साडेचारशे. शिवाय कार्ड घेतल्याबद्दलचे साडेतीनशे, पण ते प्रवासाचे नव्हेत. "काका, बसचे पॉइंट दिलेच नाहीत यांनी. तक्रार कुठे करायची?"

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "आधी मला हे सांगा, गाडीत बसलो आम्ही. मग पॉइंट ह्याच्या खात्यात कसे?"

तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, हे मला दहा मिनिटांत कळलं. काकूंच्या प्रश्नाला मात्र पूर्ण संध्याकाळ लागली.

पॉइंट कशाला चिकटतात

आयआरसीटीसीच्या नावाची कार्डं एकाहून जास्त बँकांची आहेत. एसबीआय कार्ड, बँक ऑफ बडोदा, एचडीएफसी. या घरातलं त्यातलं कुठलं, याला इथे महत्त्व नाही, आणि त्या कार्डानं कबूल केलेलं सगळं दिलंही होतं. मुलानं जाहिरात वाचली होती, अटींचं पान वाचलं नव्हतं. ते आम्ही त्या दिवशी माझ्या टेबलावर मोठं करून वाचलं.

त्या दहा टक्क्यांना तीन अटी होत्या. तिकीट एसी डब्याचं हवं, म्हणजे फर्स्ट एसी, टू-टायर, थ्री-टायर किंवा चेअर कार. स्लीपर नाही, सेकंड सीटिंग नाही. तिकीट आयआरसीटीसीवरून काढलेलं हवं, स्टेशनच्या खिडकीवर रांग लावून काढलेलं चालणार नाही. आणि पैसे त्याच कार्डानं दिलेले हवेत. बाकी सगळा खर्च, मग तो किराणा असो की सेकंड सीटिंगचं तिकीट, साध्या दरात जातो. दर सव्वाशे रुपयांना एक पॉइंट.

या तीन अटींत प्रवासी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. डबा आहे, खिडकी आहे, कार्ड आहे. गाडीत कोण बसलं, किती वर्षं बसतंय, दर शिमग्याला बसतंय का, याची नोंद कुठेही होत नाही. अशा योजनांना लॉयल्टी, म्हणजे निष्ठा, म्हणतात, पण ती मोजली जाते कार्डाशी. मुलानं बंगळूरला जाताना थ्री-टायरचं एक तिकीट काढलं तर तोही तेवढाच निष्ठावान आणि काका चाळीस वर्षं कोकणात जातायत तेही तेवढेच. खरं तर काका नाहीतच, कारण त्यांच्याकडे कार्ड नाही.

काकूंना एवढं उत्तर पुरलं. "म्हणजे पॉइंट पैसे देणाऱ्याला. बसणाऱ्याला नाही." बरोबर.

मुलाची समजूत आली कुठून

तो काही बावळट नाही. कंपनीनं २०१८ मध्ये त्याला दीड वर्षासाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. तिथे लॉस एंजेलिसहून उत्तरेला जाताना तो बेकर्सफील्डपर्यंत बसनं आणि पुढे गाडीनं जायचा. मधल्या तेहाचापीच्या घाटात रूळ आहेत, पण तो मार्ग मालगाड्यांनी गच्च भरलेला, नेहमीची प्रवासी गाडी तिथून सोडत नाहीत. म्हणून तेवढ्या तुकड्याला अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे तिकडच्या प्रवासी रेल्वेची, बस. तिला ते थ्रूवे म्हणतात. तिकीट एकच, आरक्षण एकच, बस गाडीची वेळ धरून सुटणार. त्यांच्या गेस्ट रिवॉर्ड्स योजनेत भाड्याच्या एका डॉलरला दोन पॉइंट मिळतात, आणि सदस्य क्रमांक प्रवास करणाऱ्याचा स्वतःचा असतो. हा एकदा पैसे भरायचा, बसमध्ये बसायचा, उतरून गाडीत बसायचा, आणि आठवड्याभरात पॉइंट खात्यात दिसायचे. बसचे किती नि गाडीचे किती, हे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

त्या बसची एक गंमत त्यालाही ठाऊक नव्हती. कॅलिफोर्नियात २०१९ पर्यंत कायदाच असा होता की, राज्याच्या पैशावर चालणाऱ्या अशा बहुतेक बसचं तिकीट गाडीच्या तिकिटाशिवाय विकताच येत नसे. खासगी बसवाल्यांच्या धंद्यावर सरकारी बसनं पाय देऊ नये म्हणून. त्या वर्षी कायदा बदलला आणि नुसतं बसचं तिकीट द्यायची मोकळीक झाली. म्हणजे मुलगा तिथे होता तेव्हा ती बस गाडीची शेपटीच होती. शेपटीला वेगळा हिशेब कशाला?

आपल्याकडे चिपळूण स्टेशनाबाहेर उभं राहा. कोकण रेल्वेला लालपरीची वेळ ठाऊक नाही, लालपरीला गाडी किती उशिरा आली ते ठाऊक नाही. स्टेशन वालोप्याला, स्टँड गावात. मध्ये रिक्षा. गाडी केंद्राची, बस राज्याची, रिक्षा रिक्षावाल्याची. तीन मालक, तीन तिकिटं. त्यातलं तिसरं तर तिकीटच नव्हे, "द्या शंभर" एवढंच.

एक तिकीट, अनेक वाहनं हे आपल्याकडे अजिबात नाही असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन हे अ‍ॅप आलं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, आपली ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी असे अकरा जण त्यात आहेत, आणि बदलत जायच्या प्रवासाला एकच तिकीट निघतं. मुलानं लगेच विचारलं, "त्यात एसटी आहे?" नाही. आणि चिपळूण तर मुंबई महानगराच्या हद्दीपलीकडे कितीतरी लांब.

काकांचं कॅलेंडर

आता कॅलेंडरकडे येऊ, कारण या प्रकरणाचा खरा ऐवज तोच आहे. काका प्रत्येक महिन्याच्या पानामागे खर्च लिहितात. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. रेल्वेचं तिकीट मोबाईलवर असतं म्हणून त्याचा फक्त पीएनआर नि रक्कम. एसटीची तिकिटं मात्र स्टेपल केलेली. मार्च महिन्याच्या मागे तीन टाचण्या होत्या आणि तीन कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्या. कंडक्टरच्या मशीनमधला कागद उष्णतेवर छापतो, चार-सहा महिन्यांत अक्षर उडून जातं. शेजारी काकांनी लिहून ठेवलं होतं म्हणून कळलं: "चिपळूण-गुहागर, अर्धं × २, ८०."

आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. दर बदलतात, पण प्रमाण फारसं बदलत नाही. जनशताब्दीनं ठाणे ते चिपळूण, एसी चेअर कार माणशी ५५०, सेकंड सीटिंग माणशी १६०. त्यावर आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क, कार्डानं पैसे दिले तर एसीला ३० आणि बिगर-एसीला १५, वर जीएसटी. यूपीआयनं दिले तर तेच २० आणि १०.

कार्ड येण्याआधी हे दोघं सेकंड सीटिंगनं जायचे. दोघांचे ३२० आणि शुल्क १७ रुपये ७० पैसे, एकूण ३३८. कार्ड आल्यावर मुलगा म्हणाला, एसीचं काढतो, पॉइंट मिळतात. दोघांचे ११०० आणि शुल्क ३५ रुपये ४० पैसे, एकूण ११३५. पॉइंट मिळाले ११०. म्हणजे ११० रुपये मिळवायला दर खेपेला आठशे रुपये जास्त गेले. वर्षात अशा चार फेऱ्या झाल्या, म्हणून बत्तीसशे जास्त आणि पॉइंट ४४०.

हे ऐकून मुलगा गप्प झाला, पण काकूंनी त्याची बाजू घेतली, आणि तीही खोटी नव्हती. जनशताब्दी ठाण्याहून पहाटे सहाच्या आत सुटते. शिमग्याच्या दिवसांत सेकंड सीटिंगच्या डब्यात आरक्षण असूनही वाटेत इतकी माणसं उभी असतात की संडासापर्यंत जाणं हा वेगळा प्रवास होतो. काकूंच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजलेली आहे. "त्या थंड डब्यात मी पाय ताणून बसले. ते आठशे मी पॉइंटासाठी नाही दिले, पायासाठी दिले." मग मी त्या चार फेऱ्यांपैकी दोन पायाच्या खात्यात टाकल्या आणि दोन पॉइंटांच्या. मे महिन्यात जाताना काकूंचा पाय बरा होता आणि दिवाळीनंतर गर्दी नव्हती. तेव्हा एसी घेतली ती फक्त दहा टक्क्यांसाठी.

बाकीच्या चार फेऱ्यांचं काय झालं, ते असं.

मे महिन्यात येताना चेअर कार मिळाली नाही, सेकंड सीटिंगनं आले. ३२० रुपयांना सव्वाशेनं भागलं की दोन. दोन पॉइंट.

गणपतीची जायची फेरी सगळ्यात बोधक. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. चतुर्थी २७ ऑगस्टला, ह्यांना जायचं २५ ला, म्हणून मुलगा २६ जूनला सकाळी आठला दोन मोबाईल नि एक लॅपटॉप घेऊन बसला. कोकणातल्या माणसाला हे सकाळी आठ वाजताचं युद्ध सांगायला नको. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग हातात आलं. त्यानं तेही घेतलं, होईल कन्फर्म म्हणून. पॉइंट ११० जमा. चार्ट लागला, वेटिंग तसंच, तिकीट आपोआप रद्द. पैसे परत आले, पण माणशी ६० रुपये नि त्यावर जीएसटी कापून, आणि सुविधा शुल्क तर कधीच परत मिळत नाही. मिळून साधारण १६० रुपये गेले. आणि कार्डाच्या पुढच्या बिलात एक ओळ आली. पॉइंट, वजा चिन्ह, ११०. मुलाला वाटलं होतं ही चूक आहे. चूक नव्हे, खर्च परत आला की पॉइंट परत जातात, एवढाच व्यवहार.

मग काका पायात चपला अडकवून खोपट स्टँडला गेले. आमच्यापासून पायी सात-आठ मिनिटं. थेट गुहागरची गाडी, दोघांचं अर्धं तिकीट, मिळून ५००. येतानाही तसंच. पॉइंट शून्य, कारण काकांनी रोख दिले.

उरलं नोव्हेंबरातलं परतीचं तिकीट. दिवाळीनंतर जाताना एसी, ११० पॉइंट. परतीला मुलानं ऐरोलीत बसल्या बसल्या आयआरसीटीसीच्या बसच्या साइटवरून एसटीचं थेट तिकीट काढलं. आयआरसीटीसी म्हणजे रेल्वे, रेल्वे म्हणजे दहा टक्के, हे त्याचं गणित. आयआरसीटीसीनं बसची तिकिटं २०२१ पासून विकायला घेतली आणि एसटीशी करार २०२३ च्या ऑगस्टात झाला, तेव्हा साइट खरीच आहे, तिकीटही खरंच. पण अटींत एसी डबा लिहिलंय, लालपरी नाही. हजार रुपयांना सव्वाशेनं भागलं, आठ.

आणि हे हजार आले कुठून? दोघांचं पूर्ण तिकीट काढलं म्हणून. सवलतीचा रकाना समोर होता की नव्हता हे त्यानं पाहिलंच नाही, त्याला घाई पॉइंटांची होती. काका तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पासष्टच्या वरच्यांना एसटीत अर्धं तिकीट. काकू सत्तर वर्षांच्या, त्यांना वयानं अर्धं आणि मार्च २०२३ पासून बाई म्हणूनही अर्धं. (दोन अर्धी मिळून फुकट होत नाही, काकूंनी विचारून पाहिलंय.) खोपटच्या कंडक्टरनं आधार कार्ड बघून जे पाचशेत दिलं असतं, ते मोबाईलवर हजारात घेतलं. पाचशे रुपये सोडून आठ पॉइंट घेतले.

हे बोललो तेव्हा काकांनी कॅलेंडरवरून मान वर केली नाही. पेन्सिल घेतली आणि नोव्हेंबरच्या मागे, १००० च्या आकड्याखाली, एक रेघ मारली.

बेरीज

वर्षभराचे प्रवासाचे पॉइंट ४५०. स्वागताचे ३५०. एकूण ८००. कार्डाची पहिल्या वर्षाची फी जीएसटी धरून ५९०. उरले २१०. त्यातून वेटिंगच्या तिकिटाचे गेलेले १६० वजा केले तर ५०. ते कार्डाचं पाप नाही, पण पॉइंटांच्या आशेनं धरलेलं वेटिंग होतं ते. मग पॉइंटांपायी घेतलेल्या दोन एसी फेऱ्यांचे सोळाशे आणि हुकलेल्या अर्ध्या तिकिटांचे पाचशे. आता ५० रुपये कुठल्या बाजूला लिहायचे ते तुम्हीच बघा.

मी पॉइंटांच्या विरोधात नाही, हे सांगून ठेवतो. जो माणूस तसाही एसीनंच जाणार आहे, तसंही आयआरसीटीसीवरूनच काढणार आहे, त्याच्यासाठी दहा टक्के हे रोख पैसे आहेत, सोडू नयेत. वर कार्डाच्या व्यवहारावर लागणारं एक टक्का शुल्कही ही कार्डं सहसा माफ करतात. घोळ तेव्हा होतो जेव्हा डबा पॉइंट बघून निवडला जातो.

आणि एक गोष्ट मला खरोखर खुपते. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत काकांना ४० टक्के नि काकूंना ५० टक्के सवलत होती. पुरुषाला साठीनंतर, बाईला अठ्ठावन्ननंतर. कुठल्याही डब्यात, कुठल्याही खिडकीवर, कार्ड नको, फी नको, सव्वाशेनं भागायला नको. करोनात ती बंद झाली. काकू म्हणतात तसं, "आमचं अर्धं तिकीट तेव्हा गेलं ते घरी आलंच नाही." त्या जागी आता मुलाच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के, तेही एसीचं काढलं तर. ही त्या सवलतीची भरपाई नव्हे. एक हक्क वयाचा होता, दुसरं बक्षीस पतमर्यादेचं आहे. एसटीनं मात्र आपली सवलत धरून ठेवली, वाढवलीसुद्धा.

तसं पाहिलं तर रेल्वेत खरी निष्ठा दाखवतो तो पासवाला, आणि त्याला रेल्वे पॉइंट न देताच मोबदला देते. तीन महिन्यांच्या पासला २.७ महिन्यांचे पैसे, वर्षाच्या पासला १०.८ महिन्यांचे. मुलगा स्वतः लग्नाआधी ठाणे-ऐरोली तिमाही पास काढायचा, आणि हे त्याला सवलत म्हणून कधी जाणवलंच नव्हतं. रेल्वेच्या आर-वॉलेटमधून, म्हणजे मोबाईलवरच्या पाकिटातून, बिनआरक्षणाचं तिकीट काढलं की तीन टक्के परत मिळतात, त्यालाही एसीची अट नाही. पाच रुपयांचं लोकलचं तिकीट काढणाऱ्यालाही तेच तीन टक्के. पण त्याला कुणी पॉइंट म्हणत नाही, म्हणून त्याची चमक नाही.

ठरलं ते

आम्ही कार्ड बंद केलं नाही. मुलाला ऑफिसच्या कामानं आणि सासुरवाडीमुळे वर्षात चार-सहा वेळा थ्री-टायरनं जावंच लागतं, ती तिकिटं त्याच कार्डावर. नूतनीकरणाची फी वजा जाऊनही त्याला काहीतरी उरेल. आईबाबांच्या प्रवासातून कार्ड काढून टाकलं.

जाण्याची गाडी जनशताब्दीच. डबा कोणता हे तिकीट काढायच्या आदल्या दिवशी काकूंचा गुडघा सांगेल, मुलगा नाही. सेकंड सीटिंगचं काढलं तर पैसे यूपीआयनं, पाच रुपये का होईना शुल्क कमी. चिपळूण ते गुहागर नेहमीसारखं, रिक्षेनं स्टँड आणि मार्गताम्हान्यावरून जाणारी मिळेल ती एसटी, अर्धं तिकीट.

इथे काकांनी एक हिशेब मांडला, तो माझ्या लक्षात आला नव्हता. सेकंड सीटिंगचे ३३८, रिक्षेचे १००, एसटीचे ८०. एकूण ५१८. आणि खोपटहून थेट एसटी, अर्धं तिकीट, ५००. "मग वेगळं काय?" वेगळी ती रात्र. गणपतीत ते रात्री नऊला खोपटहून निघाले आणि सकाळी आठनंतर गुहागरला उतरले. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय आणि गणपतीच्या गर्दीत त्यातला प्रत्येक खड्डा आपली हजेरी घेतो. म्हणून गर्दीच्या दिवसांत रेल्वे मिळाली तर रेल्वे, नाही मिळाली तर वेटिंगच्या नादी न लागता सरळ एसटी. शांत दिवसांत परतीला थेट एसटी.

मुलगा सोबत गेला तर त्याला एसटीत पूर्ण तिकीट. पण दीडशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केलं तर जुलै २०२५ पासून पूर्ण तिकीटवाल्यांना पंधरा टक्के सवलत आहे, दिवाळी नि उन्हाळी सुट्टीची गर्दी सोडून. हे ऐकून तो खुलला. दहापेक्षा पंधरा जास्त, आणि फी नाही. "मग हेच कार्डावर दाखवत का नाहीत?" म्हणाला. मी उत्तर दिलं नाही, चहा आला होता.

शेवटी काकांनी पिशवीतून २०२६ चं नवं, अजून न टांगलेलं कॅलेंडर काढलं. एसटीत पंचाहत्तरी ओलांडली की तिकीट पूर्ण माफ, ऑगस्ट २०२२ पासूनचा नियम. काकांची तिथी फाल्गुनातली, शिमग्याच्या पुढेमागे. मुलगा म्हणाला, म्हणजे या शिमग्यालाच बाबांचं तिकीट फुकट. काकांनी खिशातून आधार कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांची लिहिली तीच. कंडक्टर तिथी बघत नाही, कार्ड बघतो.

मग त्यांनी मार्चच्या पानामागे लिहिलं, "अर्धं × २." पानं उलटून जूनवर आले, एक तारखेच्या चौकोनात शून्य काढलं, आणि ऑगस्टच्या मागे लिहिलं, "अर्धं × १."